अंदमानचा प्लॅन करताना आधी बोट, मग हॉटेल, आणि पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

दिवाळी झाली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, अंदमानला जायचंय, कसं करू. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट नावांची, कारण तिकीट काढताना गोंधळ होतो. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (२०१८ पासून), आणि पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय. बोलताना लोक जुनीच नावं घेतात पण तिकिटावर नवीन दिसलं तर घाबरू नका, तेच बेट आहे.

मुंबई-पुण्याहून बहुतेकांना चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलूनच जावं लागतं. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजही आहे, पण त्याला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत ते बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक विमान बुक करतात, लगेच हॉटेल बुक करतात आणि बोटीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात, हे अगदी उलटं आहे. विमानाच्या तारखा ठरल्या की लगेच बोटी बघा आणि बोटी मिळाल्या की मगच हॉटेल. सोपा फेरा म्हणजे पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर. खासगी बोटींत मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही नावं आहेत, हॅवलॉकला साधारण दीड-दोन तास लागतात, आत एसी असतो आणि बहुतेक बोटींत तुम्ही आपल्या सीटवरच बसता. सरकारी बोट स्वस्त, जरा हळू, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो, आणि ज्यांना बोट लागते त्यांना ते खूप बरं पडतं. फक्त तिची तिकिटं थोडेच दिवस आधी सुटतात आणि पटकन संपतात. खासगी बोटी हॅडो जेटीवरून आणि सरकारी फिनिक्स बेवरून सुटतात, रिक्षावाल्याला नुसतं जेटी म्हणू नका, कुठली ते सांगा. फोटो आयडी हातातल्या पिशवीत ठेवा, तासभर आधी पोचा, उलटीची गोळी घेणार असाल तर बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि कृपा करून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. आमची परतीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, तो एक दिवस मोकळा होता म्हणून दुपारचं विमान हातात आलं. सगळं वेळेवर झालं तर तो दिवस वाया जात नाही, सेल्युलर जेल निवांत बघता येतं. सावरकरांची कोठडी दहा मिनिटांत फोटो काढून निघायची जागा नाही, आईबाबा सोबत असतील तर तिथे त्यांना बसू द्या. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि बोटी रद्द व्हायचं प्रमाण वाढतं, तेव्हा जमलं तर नोव्हेंबर ते एप्रिल बघा.

राहायचं कुठे. हॅवलॉकवर गावांना नावं असली तरी लोक नंबरनी बोलतात. जेटी एक नंबरला, बाजार तीन नंबरला म्हणजे गोविंदनगरला, खोपट्या, गेस्टहाऊस आणि डायव्हिंगवाले बरेचसे पाच नंबरच्या पट्ट्यात, आणि प्रसिद्ध राधानगर बीच सात नंबर, जेटीपासून दहा-बारा किलोमीटर. पहिल्यांदा जाताय आणि स्कूटर चालवत नाही तर तीन ते पाच नंबरमध्ये राहा, खाणंपिणं जवळ मिळतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवलीत, त्यामुळे छोट्या खानावळीत डाळ-भात-मासे फार छान मिळतात. रूम घेताना समुद्र दिसतो का यापेक्षा रात्री लाईट गेली तर जनरेटर आहे का आणि मच्छरदाणी आहे का ते विचारा. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आली तेव्हापासून इंटरनेट सुधारलंय, तरी रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा. अजून एक, घड्याळ आपलंच असलं तरी बेट खूप पूर्वेला आहे, डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो. राधानगरचा सूर्यास्त बघून जंगलातल्या रस्त्याने परत यायचं म्हणजे पूर्ण अंधार, स्कूटरचा हेडलाईट घेतानाच तपासा.

आता पोहणं, आणि हे मी सगळ्यात कळकळीने लिहितोय. आपल्यातले बरेच जण विहिरीत किंवा टँकमध्ये शिकलेले असतात आणि समुद्र तसा नसतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, तीच ओढ, आणि त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात म्हणून नेमकी तीच जागा शांत वाटते आणि माणूस तिथेच उतरतो. कोकणात दर सीझनला माणसं बुडून जातात ती बऱ्याचदा यातच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहू नका, दम संपतो. आधी पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या आणि मग वळा. राधानगरला लाईफगार्ड असतात, त्यांना विचारूनच उतरा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये राहा, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नका.

दुसरं म्हणजे मगरी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करणाऱ्या एका पर्यटक मुलीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. खाडीचं तोंड, खारफुटी, गढूळ पाणी, संध्याकाळची वेळ, ही चारही टाळा, आणि बोर्ड किंवा जाळी दिसली की त्यापलीकडे एक पाऊलही नको, मग बाजूला दुसरं कोणी पोहत असलं तरी.

भरती-ओहोटीचं कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको, पौर्णिमा-अमावस्येला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि अष्टमीला भांग (कमी चढउताराची) तिथेही आहेच, पण वेळा आपल्या हिशोबाने धरू नका, जेटीवर किंवा हॉटेलात विचारा. ओहोटीला नीलच्या भरतपूरला किंवा हॅवलॉकच्या विजयनगरला पाणी इतकं उथळ होतं की पाय सरळ प्रवाळावर पडतो, पाय कापतात आणि प्रवाळ मरतं ते वेगळंच. त्याउलट नीलचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीच हवी, तेव्हा दिवस त्याप्रमाणे लावा.

हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करताना गाईड रिंग धरून नेतो, पोहता येत नसलं तरी चालतं, पण लाईफजॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, ढिला असेल तर ते कानापर्यंत वर सरकतं. मुलं हाताच्या अंतरावर ठेवा. स्कूबाआधी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) मेडिकल फॉर्म भरतात त्यात दमा, बीपी, कानाचा त्रास लपवू नका, आणि डायव्हिंगनंतर निदान अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नाही, म्हणून डाइव्ह सुरुवातीच्या दिवसांत घ्या.

शंख-प्रवाळ बॅगेत टाकू नका, मेलेलं प्रवाळसुद्धा नेणं गुन्हा आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात.