सारकॉइडोसिस असेल तर लघवीकडे पण लक्ष द्या

सारकॉइड म्हणजे फुफ्फुसात किंवा इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार. त्याचं नाव काढलं की सगळे छातीचा एक्स-रे बघतात, पण माझ्या भावाला आधी मुतखडाच झाला. कारण असं की ह्या आजारातल्या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्व जास्त ॲक्टिव्ह करतात, मग रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढतं, त्यातून खडे होतात आणि किडनी पण हळूहळू खराब होऊ शकते. म्हणून हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून कॅल्शियम-डी च्या गोळ्या आणून खाऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा, हे मी हात जोडून सांगते. सोलापूरचा उन्हाळा माहितीये ना, पारा 42 च्या वर, तेव्हा दुपारचं उन्हात जाणं टाळा आणि पाणी पीत रहा, लघवी गडद पिवळी दिसली की समजा कमी पडतंय.

रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनी कशी चालते ते कळतं) वेळच्या वेळी तपासा. 24 तासांची लघवी सांगितली तर सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये, शेवटची सकाळची धरून. लॅबने कॅनमध्ये ॲसिड घातलं असेल तर ते ॲसिड फेकून देऊ नका, लघवी आधी मगात धरून मग सावकाश कॅनमध्ये ओता.

पुरुषांनो, वृषणात किंवा त्याच्या मागे गाठ लागली, दुखत नसली तरी, लाजू नका, लगेच दाखवा आणि सोनोग्राफी करा. सारकॉइडची असू शकते पण कॅन्सर आणि टीबी आधी बघावाच लागतो. सारकॉइडसाठी स्टेरॉइड चालू असेल तर मनाने अचानक बंद करू नका.