नाताळसाठी लहान मुलांचे बूट आणि खेळणी घेताय? या चुका टाळा

मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघताना नवा बूट पायात शिरत नाही, आणि परत आल्यावर उघडलेलं खेळणं सेल नसल्यामुळे मुकं राहतं. ही फजिती बहुतेक वेळा खोक्यावरचं चित्र, वय आणि नंबर पाहून केलेल्या खरेदीतून होते. मुलाचा पाय किती सेंटिमीटर आहे, ते अजून वस्तू तोंडात घालतं का, बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, हे आधी पाहिलं तर निम्म्या चुका दुकानात जायच्या आधीच टळतात. खाली एक ते सहा वर्षांच्या मुलांचा विचार केला आहे.

वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे बूट

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. आपल्याकडे बहुतेक दुकानांत यूके नंबर चालतो. त्यातला एक नंबर म्हणजे पाव सेंटिमीटर नव्हे, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. चालणाऱ्या मुलाला सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा लागते आणि ती योग्य नंबरात धरलेली असते. त्यावर दोन नंबर वाढवले की पुढे पावणेतीन सेंटिमीटरची पोकळी उरते. मग टाच वर-खाली सरकते, मूल बूट धरून ठेवायला बोटं आवळतं आणि चर्चच्या पायरीवर अडखळतं. पुढे कापूस कोंबल्याने काही साधत नाही, कारण बूट जिथे वाकायला हवा ती जागाच पुढे गेलेली असते.

तीन वर्षांपर्यंत पाय वर्षाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढू शकतो. म्हणजे बरोबर मापाचा बूटही तीन-चार महिन्यांचाच सोबती. ईस्टरलाही हाच चालेल असा हिशेब करून महागडा जोड घेण्यापेक्षा मध्यम किमतीचा, पण आज बसणारा जोड घ्यावा. दोन वर्षांखाली दर दोन महिन्यांनी आणि त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी माप पाहायचं.

माप घरी नीट घेता येतं:

१. संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो.
२. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. मुलाला त्यावर उभं करा, टाच भिंतीला लागलेली हवी. बसवून किंवा झोपेत घेतलेलं माप काही मिलिमीटर कमी भरतं.
३. पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. काही मुलांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं.
४. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा, त्यात १ ते १.२ सेंमी मिळवा. पाय १४.२ सेंमी असेल तर बुटाची आतली लांबी १५.२ ते १५.४ हवी.

आता तेवढ्या लांबीची, बोटभर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापून पाकिटात ठेवा. दुकानात ती बुटात सरकवायची. पट्टी न वाकता सपाट बसली तर लांबी पुरेशी आहे, पुढे जास्त जागा उरली तर बूट मोठा. भेट गुपित ठेवायची असेल आणि मूल सोबत नसेल, तेव्हा या पट्टीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

मूल सोबत असेल तर बहुतेक पालक बुटाच्या टोकाला अंगठ्याने दाबून पाहतात. त्यात गोम अशी की दाबलं की मूल बोटं आत ओढतं आणि जागा आहे असं वाटतं. त्यापेक्षा आतला सुटा तळवा काढा, त्यावर मुलाला उभं करा. बोटांपुढे किती उरलं आणि कडेने पाय बाहेर येतो का, दोन्ही डोळ्यांना दिसतं. मोजे मात्र त्या दिवशी घालणार तेच घालून पाहा. जाड लोकरी मोज्याने अर्धा नंबर सहज जातो.

नंबरांचा घोळ

दुबईहून किंवा टोरांटोहून आत्या-मामा बूट पाठवतात तेव्हा हा घोळ हमखास होतो. एकाच पायाला साधारण यूके ७, युरोपीय २४ आणि अमेरिकी ८ असे तीन नंबर लागतात. आणखी एक खोच: यूके आणि अमेरिकी पद्धतीत मुलांचे नंबर १३पर्यंत जातात आणि पुन्हा १पासून सुरू होतात. त्यामुळे नुसता ‘१ नंबर’ म्हणजे तान्ह्याचा की पहिली-दुसरीतल्या मुलाचा, हे कळत नाही. नातेवाइकांना नंबर कळवूच नका, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा आणि त्या कंपनीचा तक्ता बघायला सांगा. ‘३ वर्षे’ असा शिक्का असलेले बूट तर विसराच. एकाच वयाच्या दोन मुलांच्या पायात दोन नंबरांचा फरक सहज असतो.

दिसायला गोड, पायाला जड

बूट हातात घेऊन तीन गोष्टी करा. टोक आणि टाच धरून वाकवा: तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पुढच्या तिसऱ्या हिश्श्याला वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल किंवा वाकतच नसेल तर परत ठेवा. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, तो चटकन चेपू नये. मग फडकं पिळतात तसा पिळून पाहा, पूर्ण पिळला जात असेल तर आधार कमी.

पीं-पीं वाजणारे बूट मिस्साला नकोतच, हे सांगायला नको. पण वाजणारी आणि दिवे लागणारी यंत्रणा टाचेत असते, तिने बूट जड होतो आणि तळवा कडक. दिव्यांच्या बुटाचा तळ फाटला तर तो त्याच दिवशी बाद करायचा, कारण आत सेल असतो.

अजून न चालणाऱ्या बाळाला बुटांची गरज नाही. फोटोपुरते मऊ कापडी चालतील. चालायला शिकणाऱ्या मुलालाही घरात अनवाणीच राहू द्यावं. या वयात पाय सपाट दिसतो कारण कमानीखाली चरबीची गादी असते. कमान सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू दिसू लागते. दुखत नसेल तर ‘कमानवाला’ महाग बूट घेण्याचं कारण नाही. मुंबई, वसई, गोव्याच्या डिसेंबरात आतून लोकर लावलेले बूट म्हणजे घामाने भिजलेले पाय.

नवा बूट थेट २४ तारखेच्या रात्री काढू नये. आठवडाभर आधी रोज वीस-तीस मिनिटं, घरातल्या स्वच्छ फरशीवर घालायला द्या. तळ मळला नाही तर बदलूनही मिळतो. बूट काढल्यावर लाल वळ पडला आणि दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, तर तो घट्ट आहे. ‘घालून घालून सैल होईल’ हे मोठ्यांच्या चामडी बुटाला थोडंफार लागू पडतं, मुलांच्या पायाला ते लावू नये.

‘३+’ लिहिलंय, पण आमचं पिल्लू हुशार आहे

हा शिक्का हुशारीबद्दल काही म्हणत नाही. त्याचा अर्थ, यात घशात अडकेल असा भाग आहे. दोन वर्षांचं मूल कोडं चुटकीसरशी सोडवेलही, आणि त्याचाच तुकडा तोंडात घालेल.

खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत वापरतात त्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिमी असतो. त्यात पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते. चेंडूला नियम आणखी कडक, ४४.५ मिमीच्या वर्तुळातून आरपार जाणारा चेंडू या वयाला नको. डोळे, चाकं, बटणं ओढून पाहा. खेळणं अखंड मोठं असलं तरी निघालेलं चाक नळीत बसतं.

घरात मोठं भावंड असेल तर त्याची भेटही धाकट्याच्या मापाने तोलावी लागते. आणि नाताळात खेळणी नसलेल्या वस्तूही खेळणी होतात: येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मातीची मेंढरं, झाडाला टांगलेले चकचकीत गोळे, फुगे. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातात राहू देऊ नका.

खरा धोका: बटण सेल, लोहचुंबक, पाण्यात फुगणारे मणी

रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा २० मिमीचा लिथियम सेल, उदाहरणार्थ सीआर २०३२, अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल फुटावाच लागत नाही, आणि ‘संपलेला’ सेलही पुरेसा असतो. म्हणून सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलंच खेळणं घ्या. नखाने उघडणारं झाकण असेल तर घेऊच नका. गाणारी शुभेच्छापत्रं, लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या आणि सांताच्या टोपीतले दिवे इथे सर्वांत वाईट, कारण ती खेळणी म्हणून विकलीच जात नाहीत.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. उलटी करवू नका, पाणी-खाणं देऊ नका. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल, बारा तासांच्या आतली गोष्ट असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा. मधासाठी थांबू मात्र नये. वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही.

छोटी शक्तिशाली लोहचुंबकं एकाहून जास्त गिळली गेली तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि भोक पडू शकतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात फुगून आतडं अडवतात, शिवाय साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. लहान मूल असलेल्या घरात या दोन्ही भेटी आणूच नयेत.

चिन्ह पाहायचं राहून जातं

१ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, परदेशी मालावरही. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं. चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे करायला अर्धा मिनिट लागतो.

नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या लाकडी फळांवर चिन्ह नसलं तर ती वाईट ठरत नाहीत. पण ती मुळात शोभेची असतात, आणि लहान फळं नळीत बसतात. रंगीत वस्तूवर ओलं पांढरं फडकं घासा. रंग उतरला तर दात येणाऱ्या मुलाला ती नको. उग्र वासाच्या मऊ प्लास्टिकलाही हेच लागू.

आवाजाची खेळणी स्वतःच्या कानाशी धरून पाहा, मूल तशीच धरतं. तुम्हाला त्रास झाला तर त्याला जास्त होणार. घरी आलंच असेल तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावा. दीड वर्षाखालच्या मुलाच्या खेळण्याला २२ सेंमीहून लांब दोरी नको. पेडल नसलेली सायकल घ्यायची तर मुलाच्या पायाची आतल्या बाजूची उंची मोजा, सीट तिच्याहून दोन-तीन सेंमी खाली यायला हवी. चाकाच्या वॉकरने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र पडतं. कॅनडात २००४पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे.

२५ तारखेला काही बिघडलंच, तर

खेळणं चालत नाही: आधी सेलजवळची प्लास्टिकची पट्टी ओढली का पाहा. मग खालचा खटका पाहा. दुकानात दाबून बघण्यासाठीच्या स्थितीत राहिला असेल तर खेळणं दोन सेकंद वाजून थांबतं. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, काही खेळणी त्यावर रेंगाळतात. जुने-नवे सेल एकत्र घातले तर गळतात. आदल्या दिवशी खोकं उघडून पेन्सिल सेल, चार्जिंग आणि फुलीचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर यांची सोय केली तर यातलं काही होत नाही.

बूट किंचित सैल: आतल्या तळव्याखाली पातळ तळवा घाला, अर्ध्या नंबराची भर निघते. त्याहून सैल असेल तर ठेवून द्या. टाच सरकते: बूट घालताना टाच आपटून मागे बसवा, मगच पट्टा आवळा. फोड आला: फोडू नका, पट्टी लावा आणि जुने बूट घाला.

खेळण्यांचा ढीग झाला आणि मूल एकाशीही खेळत नाही: २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासात ३६ लहान मुलांना कधी ४, कधी १६ खेळणी दिली होती. चारच असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आजी, मावशी, गॉडमदर सगळ्यांच्या भेटी एकाच रात्री उघडू नका. तीन-चार बाहेर ठेवा, बाकीच्या कपाटात. बिलं आणि लेबलं मात्र टाकू नका, बदलून घेण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी आठ-दहा दिवसांचीच असते.