वायरलेस साउंडबार घेताय? आधी प्लग मोजा

वायरलेस म्हणजे वायरच नाही असं समजून बॉक्स घरी आणायचा आणि मग कळतं की सोबत येणाऱ्या, सोफ्यामागं ठेवायच्या स्पीकरला पण करंट लागतोच, सिग्नल तेवढा हवेतून येतो. आमच्या जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटात हेच झालं, सोफ्यामागं एक पण सॉकेट नाही, आता एक्स्टेन्शन बोर्ड दारातनं फिरवलाय आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याला अडखळतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी एवढं करा:

१. सोफा जिथं ठेवणार तिथं बसा, कानाच्या रेषेत किंवा थोडं मागं, दोन्ही बाजूला मागच्या स्पीकरच्या जागेची खूण म्हणून चिकटपट्टी लावा. तिथं सॉकेट नसेल तर रंगाच्या आधीच वायरमनला सांगा, नंतर भिंत फोडायला जीवावर येतं.

२. टीव्हीच्या मागचा फोटो काढून न्या. एचडीएमआयच्या एका पोर्टवर एआरसी (ARC) किंवा ईएआरसी (eARC) लिहिलेलं पाहिजे, त्यातूनच टीव्हीचा आवाज साउंडबारला जातो. ऑप्टिकल वायरीवर ५.१ (पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या जाड आवाजाचा सबवूफर) चालतं पण अ‍ॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा प्रकार, येत नाही.

३. दुकानदाराला सरळ विचारा, मागचे दोन स्पीकर वेगवेगळे वायरलेस आहेत का? बऱ्याच स्वस्त सेटमध्ये ते सबवूफरला नाहीतर एकमेकांना वायरनंच जोडावे लागतात, बॉक्सवर मात्र वायरलेस मोठ्ठं लिहिलेलं असतं.

आणि रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला म्हणून लगेच सेट परत करायला धावू नका. आधी पडदे लावा, फरशीवर दोन जाड सोलापुरी चादरी अंथरून बघा, संवाद बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू येतात.

फक्त सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका, खालचे काका वर येतील.