इंजिन उतरवण्याआधी: गंजलेल्या जुन्या मोटारसायकलसाठी तयारीची यादी

‘इंजिन जाम आहे’ याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे आत पिस्टन सिलिंडरला चिकटलाय आणि किक खाली जात नाही. दुसरा म्हणजे इंजिन धरून ठेवणारे लांब बोल्ट गंजून बसलेत आणि ते धूड फ्रेममधून हलायला तयार नाही. वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेल्या गाडीत बहुधा दोन्ही असतं. पिस्टनकडे नंतर टेबलावर निवांत बघता येतं, त्यामुळे ही यादी मुख्यतः बोल्टांची आहे. पहिल्या दिवशी फक्त एवढं करा: स्पार्क प्लग काढून भोकातून थोडं पातळ ऑइल आत सोडा आणि भोक स्वच्छ चिंधीने झाका. तुम्ही बाहेर झगडत असाल तेवढे दिवस ते आत मुरत राहील. किकवर उड्या मारण्याचा मोह आवरा. पिस्टन सुटणं राहतं बाजूला, किकचे दाते मात्र तुटतात.

पान्याला हात लावण्याआधी फोटो काढा, आणि वाटतात त्याच्या दुप्पट काढा. केबल फ्रेमच्या कुठल्या बाजूने गेली आहे, कुठल्या बोल्टवर अर्थची वायर आहे, आणि विशेष म्हणजे इंजिन आणि फ्रेम यांच्यामध्ये कुठे स्पेसर (अंतर राखणारी कडी) आहे. हे स्पेसर डावी-उजवीकडे वेगवेगळ्या जाडीचे असू शकतात. मी एकदा दोन्ही एकाच डब्यात टाकले आणि इंजिन परत बसवल्यावर चेन स्प्रॉकेटला तिरकी लागू लागली. तेव्हापासून प्रत्येक बोल्टला स्वतंत्र पिशवी, आणि पिशवीवर जागेचं नाव. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर यांचेही फोटो घ्या. त्या जागांवर हातोडा किंवा वायर ब्रश चालवायचा नाही.

मग जळणारं सगळं बाहेर काढा. बॅटरी, टाकी, कार्ब्युरेटर, सगळं वेगळं करून दुसऱ्या खोलीत. पुढे उष्णता वापरावी लागणार आहे आणि जुन्या पेट्रोलची वाफ वाट बघत बसत नाही. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत अजिबात नको. त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारांतून तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हत्यारांबद्दल एकच आग्रह: ‘जवळपास बसणारा’ पाना वापरायचा नाही. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ, म्हणजे जुनी ब्रिटिश इंची मापं भेटतात. त्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे, त्यामुळे मिलिमीटरचा पाना लावून काम भागतंय असं वाटतं आणि तिसऱ्या झटक्याला माथा गोल होतो. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण खाच जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाची असते. त्यासाठी तोच ड्रायव्हर हवा, आणि हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. लोक इंजिन बाहेर काढतात आणि मग घट्ट नट उघडायला बसतात. इंजिन टेबलावर गरगर फिरतं, एकाने मिठी मारायची आणि दुसऱ्याने पाना ओढायचा. अहो, फ्रेमइतकी मजबूत वाइस (पकड शिकंजा) तुमच्याकडे दुसरी कुठली आहे? इंजिन तिच्यात अडकलेलं आहे तोवरच सगळे अवघड नट ढिले करून घ्या. सगळ्यात आधी पुढच्या स्प्रॉकेटचा नट, आणि तोही चेन काढण्याआधी. लॉक वॉशरचा कान सरळ करायचा, दुसऱ्या माणसाने मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि लांब दांडा लावून सोडवायचा. काही गाड्यांत इथे उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी मॅन्युअल उघडा. मग ऑइलचा ड्रेन प्लग, क्लच आणि मॅग्नेटच्या झाकणांचे स्क्रू. हे फक्त पाव फेरा ढिले करून तसेच ठेवायचे. सायलेन्सरचे नट मात्र सावकाश. तिथला स्टड (बिनमाथ्याचा बोल्ट) सिलिंडर हेडमध्ये तुटला तर ते एक वेगळंच काम होऊन बसतं.

मुख्य बोल्टांना आठवडाभर आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) पाजा, रोज दोन्ही टोकांना. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून बरेचजण वापरतात. चालतं, पण दर वेळी हलवून घ्यावं लागतं आणि भडकन पेटतं, त्यामुळे गरम करण्याच्या दिवशी ते नको. शिवाय तेलाला मर्यादा आहे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमची केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) यांच्यामध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, भोकात गच्च बसते आणि तेल मधोमध पोचतच नाही.

तिथे उष्णता कामी येते. 100 मिमी लांबीचं ॲल्युमिनियम 100 अंशांनी तापलं की साधारण 0.23 मिमी वाढतं, पोलाद 0.12 मिमी. म्हणून बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतालची केसिंग तापवायची. हीट गन पुरते. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की थांबा. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सुमारे 660 अंशांना किंवा त्याआधीच थेट वितळतं.

आणि ठोकण्याआधी जॅक. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक एखादा मिलिमीटर वर घ्या, थोडा खाली घ्या. गंजलाय असं वाटणारा बोल्ट पुष्कळदा नुसता वजनाखाली दबलेला असतो. मग माथ्याला पाना लावून त्याला मागे-पुढे फिरवा. फिरायला लागला की तो निघणारच. न फिरता ठोकलात तर टोक भुईछत्रासारखं पसरतं आणि भोकातून जात नाही. ठोकायचंच असेल तर नट टोकाशी सपाट ठेवून, पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने). तरीही नाहीच निघाला, तर फ्रेम आणि केसिंगमधल्या फटीतून हेक्सॉ ब्लेडने कापा. बोल्ट नवा मिळतो, केसिंग मिळेलच असं नाही.

काढण्याच्या दिवसासाठी दोन गोष्टी तपासा. स्टँड इंजिनाच्याच प्लेटवर आहे का, आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीचा) दांडा केसिंगमधून जातो का? असेल तर इंजिन निघताच गाडी बसेल, म्हणून फ्रेमला वरून किंवा खालून वेगळा आधार आधीच द्या.

इंजिन उचलण्याचा हट्टही नको. पुढचं-मागचं चाक काढा, फ्रेमच्या नळ्यांना जुनी ट्यूब गुंडाळा, ऑइल पूर्ण काढलंय याची खात्री करा आणि सगळा सांगाडा इंजिनासकट जाड गोधडीवर आडवा करा. शेवटचे बोल्ट तिथे काढायचे. इंजिन जमिनीवर राहतं आणि दोघं मिळून वरून फ्रेम उचलून घेतात. कुठला बोल्ट शेवटचा, आणि फ्रेम कुठल्या बाजूने तिरकी केली की केसिंगचा कोपरा सुटतो, हे आदल्या दिवशी मोजायची टेप लावून बघून ठेवा. फ्रेम बाजूला ठेवली की निघालेले बोल्ट, स्पेसरसकट, ज्याच्या त्याच्या भोकात हाताने परत घालून ठेवा.