पायाच्या नखाची बुरशी: या चुका टाळा

भातलावणी उरकली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दरवर्षी एकच मागणी सुरू होते: "अंगठ्याचं नख पिवळं पडलंय, एखादी ट्यूब द्या." नख जाड झालेलं असतं, टोकाला ठिसूळ, आणि खाली भुसा साचलेला. मी ट्यूब काढून देत नाही याचा पुष्कळांना राग येतो. पण नखाच्या बुरशीवर पंधरा दिवसांत बरं करणारं औषधच नाही. ज्यांना तेच हवं असतं, ते वर्षभरानं जास्त बिघडलेलं नख घेऊन परत येतात.

तपासणीशिवाय गोळ्या सुरू करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दिसायला बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांनाच बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस हे त्वचेचे आजार असतात, अरुंद बुटाचा रोजचा दाब असतो, नाहीतर कधीकाळी बसलेला मार असतो. वरून सगळी नखं सारखीच दिसतात.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं जाड झाली होती. ओळखीच्या कुणाला तरी लिहून दिलेली टर्बिनाफिनची, म्हणजे बुरशीवरच्या गोळीची, चिठ्ठी त्यांनी मिळवली आणि दुसरीकडून गोळ्या घेऊन तीन महिने खाल्ल्या. फरक पडला नाही, म्हणून "कोर्स कमी पडला" असं स्वतःच ठरवून पुन्हा सुरू केल्या. लिव्हरची तपासणी एकदाही केली नाही. मध्येच तोंडाची चव गेली, आमटीत मीठ आहे की नाही तेही कळेना. माझ्याकडे आले ते चव येण्यासाठी काहीतरी मागायला.

काका पैसे मोजत होते तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताच्या नखांकडे गेलं. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे, एका नखावर तर ओळीनं. शर्टाची बाही वर सरकलेली होती, कोपरावर पांढुरके खवले दिसत होते. म्हटलं, "काका, हे नुसतं पायाच्या नखाचं दुखणं नाही. आजच्या आज त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ह्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. चव गेल्याचं आधी सांगा." नखाचा तुकडा तपासला, त्यात बुरशी नव्हती. निदान सोरायसिसचं झालं. गोळ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केल्या, चव मात्र हळूहळू परतली. जी गोळी त्यांना कधी लागणारच नव्हती, तिच्यापायी माणूस जेवणाला मुकला होता. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध देणाऱ्या दुकानदारांचा मला म्हणूनच संताप येतो.

तपासणी अवघड नाही. नखाखालचा भुसा, जितका आतून मिळेल तितका, खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कल्चर केलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघितली, तर तीन-चार आठवडे थांबावं लागतं. आधी एखादं मलम किंवा गोळी घेतली असेल तर सांगा, नाहीतर बुरशी असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. शंका असेल तर नमुना पुन्हा द्यायचा.

नख वाढायची वाट न बघणं

पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख नवं यायला 12 ते 18 महिने लागतात. टर्बिनाफिनचा नेहमीचा कोर्स रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे. कोर्स संपतो तेव्हा नखाचा पुढचा भाग तसाच पिवळा असतो आणि लोक म्हणतात, औषध फुकट गेलं. काही तर महिन्याभरातच सोडून देतात. अहो, बिघडलेलं नख पुन्हा चांगलं होत नसतं. ते पुढे सरकत जातं आणि कापून टाकायचं असतं. बघायचं असतं ते मुळाशी, कातडीलगत स्वच्छ नख उगवतंय का ते. औषध नखात पुढेही काही महिने टिकून काम करत राहतं.

मी सगळ्यांना एकच सांगतो: दर महिन्याच्या 1 तारखेला, त्याच जागी, त्याच उजेडात मोबाईलवर फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

अ‍ॅमोरोल्फिनचं लॅकर, म्हणजे नखावर रंगासारखं लावायचं बुरशीचं औषध, लावणाऱ्यांचंही तेच. नख कानशीनं घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, मग आठवड्यातून एकदा-दोनदा लावायचं, तेही नऊ महिने ते वर्षभर. अर्ध्यापेक्षा कमी नख बिघडलंय आणि मूळ शाबूत आहे, तिथेच एकट्या लॅकरवर भिस्त ठेवावी. घासायची कानस वेगळी ठेवा, चांगल्या नखांना ती लावू नका.

मिक्स ट्यूब. क्लोबेटासॉलसारखं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. कातडीची खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोकप्रिय आहे. बुरशी मात्र पसरते. आपल्याकडे जांघेतला नायटा हट्टी होऊन बसलाय, त्याला ह्या ट्यूबांचा मोठा हातभार आहे. आणि जाड नखाच्या आरपार मलम जातच नाही.

लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट: वेळ जातो.

वर नेलपॉलिश लावून झाकणं: बिघाड आत वाढत राहतो, कळत नाही.

ब्लेडनं कोरणं: मधुमेह असेल तर हे अजिबात नको. छोट्या जखमेतून पाय सुजून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.

इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध हृदय कमजोर असणाऱ्यांनी स्वतःहून घ्यायचं नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. आणि नखावर काळपट उभी रेघ नव्याने दिसली तर ती बुरशी समजून थांबू नका, लगेच दाखवा.

चिखल्यांकडे दुर्लक्ष

नखाची बुरशी बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यातून किंवा तळव्यावरून नखात शिरते. नखावर हजारो रुपये घालतात आणि बेचक्यातल्या चिखल्या तशाच ठेवतात, मग पुन्हा लागण झाली की औषधाला दोष. मलमाची खरी जागा इथे. साधं क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन, दोन्ही पायांना, सगळ्या बेचक्यांत. खाज गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करायचं नाही. वास येत असेल, हिरवट ओल दिसत असेल तर जंतूंचाही संसर्ग असू शकतो, तिथे डॉक्टरच हवा.

शेतातून आलात की पाय धुवा आणि बेचके सुती फडक्यानं कोरडे करा. पाय धुणारे सगळे असतात, पुसणारे थोडे. घरात एकाला बुरशी असेल तर नेलकटर आणि टॉवेल वेगळे. मोजे रोज बदला, गरम पाण्यात धुवा. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून वापरा, म्हणजे एक पूर्ण वाळतो. गमबूट रात्री उलटे करून ठेवा. आतलं अस्तर कुजलेला जुना बूट उन्हात ठेवून सुधारत नाही, तो उपचार सुरू करतानाच टाकून द्या.