आधी टाच टेकवा, मग चाक घाला

घरापासून कामाच्या जागेपर्यंत मला दोन वाटा आहेत. एक पूर्ण डांबरी, साडेअकरा किलोमीटरची. दुसरी दहा किलोमीटरची, पण तिच्यातला साडेतीन किलोमीटरचा तुकडा कालव्याकाठच्या कच्च्या पायवाटेचा. डांबरीने गेलं तर ४२ मिनिटं लागतात, कच्च्या वाटेने ३८. गेली अकरा वर्षं मी आठवड्यातले चार-पाच दिवस सायकलनेच कामाला जाते, आणि एवढ्या वर्षांत माझ्या ज्या ज्या फजित्या झाल्या, त्यातल्या बहुतेक त्या चार मिनिटांच्या हव्यासापायी झाल्या.

नव्याने सायकल घेणारी माणसं मला विचारतात, गिअर किती असावेत? मी उलट विचारते, वाट कसली आहे? नकाशावर रेघ दिसते. ती रेघ मातीची आहे, खडीची आहे की उखडलेल्या डांबराची, ते दिसत नाही. म्हणून पहिलं काम सुट्टीच्या दिवशी करायचं. आपल्या दोन्ही वाटा एकदा सावकाश चालवून बघायच्या. शक्य असेल तर ज्या वेळी रोज जाणार त्याच वेळी, कारण संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत येणारा रस्ता सकाळी फार सज्जन वाटतो. पाणी कुठे साचतं, दिवे कुठे नाहीत, आणि कच्च्या वाटेवरून मध्येच बाहेर पडायला फाटे कुठे आहेत, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. अर्ध्या वाटेत चिखल लागला की माणूस ‘आता एवढं आलोय तर’ म्हणत पुढेच जातो. फाटा माहीत असला तरच तो वळतो.

आता टाचेची गोष्ट. कच्च्या वाटेच्या तोंडाशी मी उतरते, बुटाची टाच मातीत जोर देऊन दाबते आणि उचलते. नुसती धूळ हलली तर बिनघोर जायचं. ठसा उमटला, पण माती बुटाला लागली नाही, तर हळू जायचं. माती टाचेबरोबर वर आली, किंवा ठशात पाणी झिरपायला लागलं, तर सायकल वळवायची आणि डांबरी रस्ता धरायचा. एवढीच परीक्षा. फक्त ती उन्हातल्या जागी करू नका. वाटेचं तोंड बहुधा उघड्यावर असतं आणि तेच सगळ्यात आधी वाळतं. मी पहिली दोन वर्षं तिथेच टाच दाबून खूश व्हायचे आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या दाट झाडीत जाऊन रुतायचे. आता चार पावलं आत जाऊन सावलीतली माती बघते.

सगळी माती सारखी वागत नाही, हेही मला उशिराच कळलं. चिकणमातीचे कण फार बारीक; ते पाणी धरून ठेवतात, टायरला लगद्यासारखे चिकटतात आणि मडगार्डच्या आत गच्च बसून चाक अडवतात. उलट रेताड जमीन पाऊस पडून गेल्यावर सुधारते. कोरड्या वाळूत चाक फसतं, पण तीच वाळू दमट झाली की दाबून बसते. मुरूम आणि बारीक खडी यांच्यातून पाणी खाली निघून जातं, म्हणून ती वाट पावसानंतर लवकर चालू होते. एकाच शहरात, एकाच पावसात, एक वाट दोन तासांत तयार असते आणि दुसरी तीन दिवस नाही. ‘काल पाऊस झाला होता का’ एवढं विचारून भागत नाही ते यामुळे.

आणि रुतणं हा फक्त आपला त्रास नाही. ओल्या चिकणमातीत चाक गेलं की चर पडतो. चर वाळला की दगडासारखा कडक होतो, पुढच्या पावसात त्यातच पाणी साठतं, आणि तिथली माती आणखी मऊ होते. असा एक चर मी स्वतः पाडला होता. पाच-सहा दिवसांनी वाट कोरडीठाक झाली म्हणून जोरात निघाले, पुढचं चाक त्याच चरात अडकलं आणि मी आडवी. आपण ‘चाकोरी’ हा शब्द ऑफिसच्या कंटाळ्याबद्दल बोलताना वापरतो. चाकोरी म्हणजे मुळात काय, ते मला त्या दिवशी कोपरावर कळलं. अशा चरात सापडलातच तर हँडल तिरकं करून बाहेर पडायची धडपड करू नका, चाक कडेला घासून पडणारच. सरळ चालवत राहा, वेग कमी करा, थांबा, उचलून बाहेर काढा.

डबक्याच्या बाबतीत लोक कडेकडेने जातात. त्यामुळे कडेचं गवत मरतं, डबकं रुंद होतं आणि वर्षभरात दोन माणसांची वाट बैलगाडीएवढी होते. तळ दिसत असेल तर मधूनच जावं. दिसत नसेल तर उतरून चालावं. पाण्याखाली खड्डा आहे की दगड, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

कच्च्या वाटेवर घाबरायचं ते ओल्या पानांना, ओल्या मुळांना आणि लाकडी पुलाच्या ओल्या फळ्यांना. तिघांवर एकच नियम: त्यांच्यावर असताना ब्रेक नाही, वळण नाही, जोरात पायडल नाही. जे काही करायचं ते आधी उरकून घ्यायचं. मूळ तिरकं आलं असेल तर शक्य तेवढं काटकोनात ओलांडायचं. मी एकदा वळणावर पानांच्या थरात पुढचा ब्रेक दाबला होता. पुढचं चाक सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. मागचं सरकलं तर निदान ‘अरे’ म्हणता येतं. खडबडीत भागात दोन्ही पायडल आडव्या पातळीत ठेवा, सीटवरून बोटभर उठा, कोपरं सैल सोडा. धक्के गुडघ्यांना घेऊ द्या, पाठीला नको. सैल वाळूत हलका गिअर, वजन जरा मागे, आणि पाय थांबवायचे नाहीत.

टायरमधल्या हवेबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे जवळजवळ सगळेच चुकतात. हवा जितकी कडक तितकं बरं, असा समज आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्याआधीच्या लाकडी-लोखंडी चाकांच्या सायकलींना ‘बोनशेकर’, म्हणजे हाडं खिळखिळी करणारी, असं नाव पडलं होतं. टायर दगडासारखा फुगवला तर आपण त्याच काळात परत जातो. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. बऱ्याचदा तो आकडा पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब या मापात असतो. कमाल आकडा हे ध्येय नव्हे, ती मर्यादा आहे. माझे टायर ३७ मिलिमीटर रुंद आहेत. डांबरी रस्त्याला मी ५० पीएसआय ठेवते, कच्च्या वाटेच्या दिवशी ४०. तुमचं वजन आणि टायरची रुंदी वेगळी, तर आकडाही वेगळा येईल. बसल्यावर वजन मागच्या चाकावर जास्त येतं, म्हणून पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा चालते. पण फार कमी केलीत तर चाक दगडावर आपटून ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की काट्याला शिव्या देऊ नका, चूक पंपाची आहे. आणि सायकल नुसती उभी असली तरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपत असते, तेव्हा आठवड्यातून एकदा गेज लावायचंच. अंगठ्याने दाबून कळतं असं म्हणणाऱ्यांच्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही.

डांबरी रस्त्याचे धोके वेगळे. सगळ्यात वाईट म्हणजे उभ्या गाड्यांची दारं. गाडीत डोकं दिसो न दिसो, दार उघडणारच आहे असं धरून निदान एक मीटर अंतर ठेवा. मागून हॉर्न वाजला तरी ते अंतर सोडू नका. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दार उघडलेलं दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत तुम्ही ते पाच मीटर कापलेले असतात. ट्रक किंवा बस सिग्नलला उभी असेल तर तिच्या बाजूने पुढे घुसू नका, विशेषतः ती ज्या बाजूला वळू शकते त्या बाजूने तर कधीच नाही. ड्रायव्हरला ती जागा दिसत नाही. मागे थांबा. अर्धा मिनिट जातो.

बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस हा सगळ्यात निसरडा असतो. रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते, आणि ती वाहून जाईपर्यंत रस्ता साबणासारखा असतो. रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रूळ या ठिकाणी ओल्या पानांचाच नियम. रूळ तर कोरडे असले तरी काटकोनातच ओलांडायचे, नाहीतर चाक खाचेत जातं. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसात पहिली एक-दोन चक्करं ते नुसतं पाणी पुसतात, मग धरतात. थांबायच्या बरंच आधी हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्या.

दिवे पुढे पांढरा, मागे लाल, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत मारतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तो खाली झुकवा. चमकणारी पट्टी अंगावर एकच लावणार असाल तर घोट्याला लावा. वर-खाली होणारा ठिपका पाहिला की मागच्याला लांबूनच कळतं की ही सायकल आहे.

कपड्यांबद्दल माझ्याकडे विशेष सांगण्यासारखं नाही. एक जोडी कामाच्या जागी ठेवा, आणि पाठीवरची बॅग कॅरिअरवर बांधा. घाम निम्मा होतो.

पिशवीत मी एक जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप ठेवते. पंक्चर वाटेत काढत बसत नाही. ट्यूब बदलते आणि ठिगळ घरी लावते, कारण सोल्यूशन नीट सुकू द्यायला जो धीर लागतो तो रस्त्याच्या कडेला कोणाकडेच नसतो. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हपाशी आणून बसवा. मग ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरमध्ये काटा कुठे आहे ते लगेच मोजून काढता येतं. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. मी घातली होती; दोनशे मीटर गेले.

कालव्याकाठी चालणारेही असतात आणि वाट त्यांची आधी आहे. घंटी लांबून वाजवा, जवळ जाऊन दचकवू नका. कानात काहीतरी घातलेलं माणूस दिसलं तर ते ऐकणारच नाही असं धरा. कुत्रा एका कडेला आणि मालक दुसऱ्या कडेला असेल तर मध्ये दोरी आहे, आणि संध्याकाळी ती दिसत नाही.

घरी आल्यावर सायकल धुवावीशी वाटते. जोराच्या पाण्याने धुऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर काढतं. चिखल वाळू द्यावा, मग जुन्या टूथब्रशने झाडावा. चेन फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने तेलाचा एकेक थेंब. माझ्या चेनला ११४ कड्या आहेत, म्हणजे ११४ थेंब. घाईच्या दिवशी मीही उभी धार सोडते आणि मग धूळ चिकटून काळी पेस्ट होते. तेल मुरल्यावर वरचं सगळं पुसून टाका. महिन्यातून एकदा पट्टी लावून चेन मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. त्यात दीड मिलिमीटरची वाढ दिसली की चेन बदलायची. आणखी ताणली तर ती दातेरी चक्रंही झिजवते आणि खर्च वाढतो. चिखलाच्या दिवसांत माझी चेन किती लवकर झिजते ते बघून मला त्या चार मिनिटांचा हिशोब एकदाचा कळला.

सगळं झालं की दाराजवळच्या वहीत एक ओळ लिहिते: तारीख, पाऊस किती वाजता थांबला, सावलीतली टाच कशी होती. कालची ओळ अशी आहे: ‘रात्री दहाला थांबला. सकाळी माती टाचेबरोबर वर. डांबरी.’