पायी आलेल्याला आधी पाणी

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपुरातून जातो. त्यामुळे आमच्या वर्धा रोडवर वर्षभर कोणी ना कोणी पाठीवर ओझं घेऊन चालताना दिसतं. कुणी लांबच्या यात्रेला निघालेला असतो, कुणी काम सुटलं म्हणून गावाकडे परतत असतो. तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला नवरात्रात कोराडीच्या देवीला लोक पायी जातात. २०२० च्या टाळेबंदीत मे महिन्याच्या उन्हात लेकरं खांद्यावर घेऊन मजूर चालत गेले, तेही इथूनच. अशा माणसाला नीट कसं थांबवावं, हे मी त्या महिन्यात शिकले.

हाक मारा, सावलीत बसवा

उन्हात उभं करून बोलू नका. फाटक उघडा, छपरीत खुर्ची किंवा बाज टाका आणि आपल्या नागपुरी रीतीने म्हणा, "या जी काकाजी, बसा. पानी पेता का?" बाई असेल तर मावशी, ताई, माय. मोठ्या माणसाला एकेरी हाक मारायची नाही, कपडे कितीही मळके असोत.

पाणी आधी, नाव-गाव मागून

यात माझीच चूक झाली होती. एक जोडपं फाटकाशी थांबलं. मी पेला हातात धरूनच विचारत राहिले: कुठून आलात, कुठे जायचंय, खोकला-ताप तर नाही ना? "राहू द्या बाई," म्हणून तो माणूस चालू लागला. मागून हाका मारल्या, पण वळला नाही. वाटेत जागोजागी त्याला हेच प्रश्न विचारले गेले असतील, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून गडवाभर पाणी आणि गुळाचा खडा समोर ठेवते. दोन पेले पोटात गेले की माणूस आपणहून बोलतो. नाही बोलला तरी चालतं.

जात तर कधीच विचारायची नाही, आडनावाच्या आडूनही नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणारी रीत आपल्या समाजात होती, म्हणूनच २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली ती याच नागपुरात. म्हणून घरच्यांचा पेला आणि वाटसरूचा पेला एकच ठेवा. वेगळा काढलेला पेला समोरच्याला लगेच ओळखू येतो.

ऊन लागलंय का, पाहा

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नुसता थकवा आणि घाम असेल तर कैरीचं पन्हं, मठ्ठा किंवा ज्वारीची आंबील द्या. काहीच तयार नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजा. मात्र अंग भट्टीसारखं तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा डोळे फिरवतोय असं दिसलं, तर घरचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा. तोवर त्याला कूलरसमोर आडवा करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पाय

जेवणाआधी बादलीभर पाणी आणि साबण द्या. दिवसभर चाललेल्याला पाय धुण्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. फोड आले असतील तर फोडू नका. पाय कोरडे करून त्यावर स्वच्छ कापडाची सैल पट्टी बांधा. घरात धुतलेले सुती मोजे असतील तर ते देऊन टाका.

जेवण

साधंच करा. वरण-भात, झुणका-भाकर, सोबत कांदा. चालणाऱ्याला तेलकट तर्री नको असते. वाढण्याआधी मात्र विचारा, "काही वर्ज्य आहे का?" जैन मुनी विहारात, म्हणजे पायी प्रवासात, असतील तर सोबतच्या श्रावकांना विचारल्याशिवाय काही पुढे करू नका. सूर्यास्तानंतर ते अन्नपाणी घेत नाहीत. अनेक बौद्ध भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांनी नकार दिला तर आग्रह धरू नका.

मुक्काम

जमत असेल तरच हो म्हणा. घरात एकटी बाई असेल, लेकरं असतील आणि मन धजत नसेल तर तसं सरळ सांगावं, त्यात कमीपणा नाही. पण हात झटकू नका. जवळचं मंदिर, बुद्धविहार, गुरुद्वारा किंवा धर्मशाळा इथे आपण स्वतः फोन करून जागा आहे का ते विचारा आणि मगच पाठवा. ठेवून घेतलंत तर संडास-बाथरूम, पाण्याचा माठ आणि फोन चार्ज करायची जागा आधीच दाखवा आणि त्यांना निजू द्या. गप्पा सकाळी.

निरोप

आपण गाडीवर फिरणारी माणसं, "बुटीबोरी? हे काय, इथंच तर आहे," असं सहज बोलून जातो. नागपूरहून ती साधारण ३० किलोमीटर आहे, म्हणजे ओझं घेऊन चालणाऱ्याचा अख्खा दिवस. अंतर सांगताना किती तास चालावं लागेल ते सांगा आणि वाटेत पाणी कुठे मिळेल तेही. पहाटे पाचलाच निघू द्या. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, असं सांगा. बाटल्या काठोकाठ भरा, दोन भाकरी आणि लोणचं फडक्यात बांधा. दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळायला द्या. फोन नंबर मागू नका. त्यांनी आपणहून दिला तर लिहून घ्या, आणि संध्याकाळी एकदा विचारा, पोचलात का जी?